वायफायवरून रिले: आधी परड्यातला दिवा, मग पाण्याची मोटार

मोबाइलवरून दिवा लावणं हे आता एका दुपारचं काम राहिलंय. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही चिप २०१४ मध्ये आली आणि वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागला. अवघड भाग तो नाहीच. लाइट जाऊन परत आली, राउटर अडकला, बोर्ड मधेच रीसेट झाला, तर पलीकडची वस्तू चालू राहणार की बंद? परड्यातला दिवा चुकून रात्रभर जळला तर फार काही बिघडत नाही. मोटार चुकून चालू राहिली तर टाकी वाहते, आणि खाली पाणी नसेल तर मोटारच जाते. एप्रिल-मेच्या वळवात कोल्हापुरात लाइट कशी ये-जा करते हे बघितलेल्या माणसाला हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही. म्हणून प्रत्येक पायरीला हाच प्रश्न विचारत आधी दिव्यापर्यंत आणि मग मोटारीपर्यंत जाऊ.

एक अट आधीच सांगतो. या कामाचे दोन भाग आहेत: ५ व्होल्टचा आणि २३० व्होल्टचा. पहिला भाग कॉलेजच्या पोरानंही बिनधास्त करावा. दुसऱ्या भागात आजवर कधी भिंतीवरचा बोर्ड उघडला नसेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि शेजारी उभं राहून बघा.

सामान

नोडएमसीयू बोर्ड एक (ईएसपी-८२६६ यावरच बसवलेली असते), ५ व्होल्टचा दोन चॅनेलचा रिले बोर्ड एक (रिले म्हणजे कॉइलला वीज मिळाली की ओढला जाणारा स्विच), मोबाइलचा चांगल्या कंपनीचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर, जोडणीच्या मादी-मादी वायरी, आणि झाकण असलेला प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स. चार्जरवर बीआयएसचा शिक्का बघून घ्या. स्वस्तातल्या चार्जरमध्ये २३० आणि ५ व्होल्ट यांच्यामधला पडदा कितपत जाड आहे याची खात्री नसते, आणि पुढे हाच चार्जर वर्षानुवर्षं डब्यात बंद राहणार आहे.

एक अँपिअर पुरतो का? ईएसपी-८२६६ वायफायवर बोलताना क्षणभर १७० मिलिअँपिअरपर्यंत जाते, एरवी त्याहून बरीच कमी घेते. ५ व्होल्टच्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर घेते. दोन्ही रिले ओढलेले असले तरी हिशेब अर्ध्या अँपिअरच्या आत राहतो.

रिले बोर्ड घेताना तो उलटा करून बघा. २३० व्होल्टच्या जोडांची डाखं आणि कॉइलकडची डाखं यांच्यामध्ये निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा हवी. चांगल्या बोर्डात तिथे पट्टीला खाचच मारलेली असते. अंतर कमी दिसलं तर तो बोर्ड परत द्या, दुकानदार कितीही ‘सगळे हाच नेतात’ म्हणाला तरी.

पायरी १: टेबलावर, फक्त ५ व्होल्टवर

नोडएमसीयूचा व्हीआयएन रिले बोर्डाच्या व्हीसीसीला, जीएनडी जीएनडीला, डी-१ पहिल्या इनपुटला, डी-२ दुसऱ्या इनपुटला. चार वायरी, झालं. रिलेच्या हिरव्या स्क्रूंना अजून काहीही लावायचं नाही.

डी-१ आणि डी-२ च का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी इथूनच निघते. चिपचे काही पाय चालू होताना दुसऱ्याच कामात असतात. डी-३ (जीपीआयओ-०) चालू होताना खाली ओढलेला असला तर बोर्ड प्रोग्रॅम चालवायचं सोडून नवा प्रोग्रॅम घ्यायला बसतो. डी-४ (जीपीआयओ-२) त्या वेळी वर असावाच लागतो, डी-८ (जीपीआयओ-१५) खालीच असावा लागतो, आणि डी-० (जीपीआयओ-१६) काही क्षण वर जातो. यांच्यावर रिले लावला तर लाइट आली की तो स्वतःच्या मर्जीनं एकदा टक्क करतो, नाहीतर बोर्ड उठतच नाही. डी-१ आणि डी-२, म्हणजे जीपीआयओ-५ आणि जीपीआयओ-४, उठताना शांत असतात.

आता बाजारातल्या बहुतेक रिले बोर्डांची एक खोड. ते उलटे चालतात: पाय खाली गेला की रिले ओढतो, वर गेला की सोडतो. शिवाय ते ५ व्होल्टच्या हिशेबानं केलेले, आणि ईएसपीचा पाय ३.३ व्होल्टच्या वर जात नाही. बहुतेक बोर्डांत हे निभतं. पण एखादा बोर्ड रिले सोडतच नाही किंवा त्याचा लाल दिवा मंद जळत राहतो. तसं झालं तर बोर्डावरचा ‘जेडी-व्हीसीसी’चा छोटा जंपर काढा, जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट द्या आणि व्हीसीसीला नोडएमसीयूचे ३.३ व्होल्ट द्या. कॉइलला तिचे ५ मिळतात, इनपुटला ३.३ चा हिशेब कळतो.

पायरी २: टास्मोटा चढवणं

आर्डुइनोमध्ये स्वतः प्रोग्रॅम लिहायचा मोह होईल. शिकायला जरूर लिहा. पण घरात कायमचं बसवायचं असेल तर माझं मत टास्मोटा या तयार प्रोग्रॅमच्या बाजूनं आहे. तो फुकट आहे आणि मुक्त आहे, तुटलेलं वायफाय परत जोडणं, टायमर, वीज आल्यावर काय करायचं, ही सगळी कंटाळवाणी कामं त्यात आधीच निस्तरलेली आहेत.

नोडएमसीयू यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला लावा. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये टास्मोटाचं वेब इन्स्टॉलर पान उघडा, पोर्ट निवडा, इन्स्टॉल दाबा. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला. चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत फक्त वीज वाहते, डेटाच्या तारा नसतात. केबल बरोबर असूनही दिसेना, तर बोर्डावरच्या सीएच-३४० किंवा सीपी-२१०२ चिपचा ड्रायव्हर टाकावा लागेल.

इन्स्टॉल झाल्यावर बोर्ड ‘टास्मोटा’नं सुरू होणाऱ्या नावाचं स्वतःचं वायफाय पसरवतो. मोबाइल त्याला जोडा, १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडा, घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखते, ५ चं वायफाय तिला दिसतच नाही. राउटर दोन्हींना एकच नाव देत असेल आणि जोडणी होत नसेल, तर राउटरमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या. आणि तिथे आहातच तर या बोर्डाला कायमचा एक आयपी पत्ता बांधून द्या. नाहीतर आज सापडलेला दिवा पुढच्या आठवड्यात भलत्याच पत्त्यावर राहायला गेलेला असतो.

पायरी ३: सेटिंग

कॉन्फिगर मोड्यूलमध्ये ‘जेनेरिक’ निवडा. मग जीपीआयओ-५ ला रिले १ आणि जीपीआयओ-४ ला रिले २ द्या. यादीत ‘रिले’ आणि ‘रिले_आय’ असे दोन पर्याय दिसतील. आपला बोर्ड उलटा चालणारा असेल तर ‘रिले_आय’ घ्यायचं. सेव्ह केल्यावर पानावर दोन बटणं येतात. दाबा, टक्क आवाज ऐका. पानावर ‘ऑन’ असताना रिले बोर्डावरचा दिवाही लागलेला हवा. उलटं दिसलं तर पर्याय बदला.

आता टास्मोटाच्या पानावरचं कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडा आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ टाका: ‘पॉवरऑनस्टेट ०’. अर्थ असा की वीज परत आली की सगळे रिले बंद. टास्मोटाचं मूळ सेटिंग ३ असतं, म्हणजे जाण्यापूर्वी जसं होतं तसंच परत. दिव्याला ते सोयीचं वाटतं. मोटार, इस्त्री, हीटर असल्या कशालाही ते चालत नाही, कारण लाइट येते तेव्हा घरी कोण आहे आणि कुणाचा हात कुठे आहे हे बोर्डाला कळत नाही.

वेळेचं सेटिंग ‘टाइमझोन +५:३०’. मूळ सेटिंग आपलं नाही, त्यामुळे हे विसरलात तर टायमर भलत्याच वेळी चालतील. दिव्यासाठी आणखी एक छान सोय आहे: टायमर सूर्यास्तावर लावता येतो. पण त्यासाठी जागा सांगावी लागते, आणि टास्मोटा मुळात स्वतःला पॅरिसमध्ये आयफेल टॉवरखाली उभा समजतो. अक्षांश १६.७०, रेखांश ७४.२४ असे आकडे दिलेत की तो कोल्हापुरात येतो. मग जूनमध्ये दिवा सात वाजून गेल्यावर लागेल आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, तुम्ही काहीही न बदलता.

एक मेख आहे. या बोर्डात घड्याळाचा सेल नसतो. लाइट गेली की वेळ पुसली जाते आणि ती पुन्हा इंटरनेटवरूनच आणावी लागते. लाइट आली पण नेट आलं नाही, तर टायमर गप्प बसून राहतात.

पायरी ४: परड्यातला दिवा

मेन स्विच बंद. मल्टीमीटरनं खात्री. निऑनच्या टेस्टरवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, तो कधी उगाच लुकलुकतो, कधी लुकलुकायला हवा तेव्हा गप्प बसतो.

रिलेला तीन स्क्रू असतात: कॉमन, एनओ, एनसी. रिले सुस्त असताना कॉमन आणि एनसी जोडलेले असतात, ओढला की कॉमन आणि एनओ. दिव्याची फेज कॉमनला आणि एनओमधून दिव्याकडे. न्यूट्रल थेट दिव्याला जातो, तो रिलेतून तोडायचा नाही. न्यूट्रल तोडला तर दिवा विझलेला दिसतो पण होल्डरमध्ये फेज जिवंत असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगची घरं अजून आहेत. तिथे रंगांवर विसंबू नका, काळी वायर न्यूट्रलच असेल याची कुणीही हमी देत नाही. मीटर लावून बघा. आणि अशा घरात हे सगळं करण्याआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग करून घ्या. पैसे कमी असतील तर वायफाय पुढच्या वर्षी, आरसीसीबी यंदा.

वायरींच्या टोकांना डाख लावून स्क्रूत कसू नका, डाख हळूहळू दबतो आणि जोड सैल होऊन तापतो. पिन लग दाबून लावा. उद्यमनगरात पॅनेलचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मूठभर मिळतील.

रिलेवर ‘१० अँपिअर २५० व्होल्ट’ छापलेलं असतं आणि ते वाचून माणूस गीझर लावायला निघतो. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, कागदावर बसतं. पण १० हा त्या छोट्या रिलेचा शेवटचा कठडा आहे, शिवाय बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा त्याहून आधी तापतात. दिवे, पंखे, राउटर एवढंच या रिलेवर. पंख्यासारख्या गुंडाळीच्या वस्तूला संपर्कात ठिणगी पडते म्हणून काहीजण रिलेच्या दोन स्क्रूंमध्ये १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावायला सांगतात. पंख्याला ठीक. एलईडी दिव्याला तसं करू नका: ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झला साधारण ७ मिलिअँपिअर गळतात आणि दिवा ‘बंद’ असतानाही भुतासारखा मंद जळतो.

भिंतीवरच्या स्विचचं काय?

घरातले वडीलधारे इथेच अडवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मोबाइल चार्जिंगला लावलाय म्हणून आईनं अंधारात उभं राहायचं का? भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे. दोन रस्ते आहेत.

पहिला, जिन्याच्या दिव्याची टू-वे वायरिंग. साधा स्विच काढून टू-वे स्विच बसवा. फेज रिलेच्या कॉमनला. रिलेचे एनओ आणि एनसी स्विचच्या दोन कडेच्या स्क्रूंना. स्विचचा मधला स्क्रू दिव्याकडे. आता रिले हलवा किंवा बटण हलवा, दिव्याची अवस्था पालटते. बोर्ड जळून गेला तरी बटण चालतं, ही या जोडणीची मोठी खुबी. दोष असा की मोबाइलवर ‘ऑन’ दिसलं म्हणून दिवा लागलेला असेलच असं नाही, कारण बटणाची बाजू बोर्डाला माहीत नसते. आणि आपला मूळ प्रश्न इथे विचारला तर उत्तर मिळतं: लाइट परत आल्यावर रिले बंद असला तरी दिवा चालू असू शकतो. म्हणून दिव्याला ही जोडणी उत्तम आणि मोटारीला निषिद्ध.

दुसरा रस्ता, बटण बोर्डाला जोडायचं: डी-५ आणि जीएनडीमध्ये, सेटिंगमध्ये जीपीआयओ-१४ ला ‘स्विच १’. मोबाइलवर खरी अवस्था दिसते, पण बोर्ड मेला की बटणही मेलं. आणि त्या बटणात २३० ची एकही वायर उरता कामा नये, त्याच पाइपातून शेजारून नेऊही नये. बैठकीच्या खोलीत मी पहिला रस्ता पसंत करतो.

पायरी ५: मोटार

एक अश्वशक्तीची मोटार चालताना पाच-सात अँपिअर घेते आणि उठताना त्याच्या कितीतरी पट. निळ्या रिलेचे संपर्क त्या झटक्यात वितळून चिकटतात. चिकटलेला रिले मोबाइलवर ‘ऑफ’ दिसतो आणि मोटार चालूच राहते. त्यामुळे मोटार रिलेवर थेट लावायची नाही, हे ठरलेलं. मोटारीला काँटॅक्टर (मोठा करंट सोसणारा दणकट रिले) आणि ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटार तोडणारा भाग) असलेला स्टार्टर हवा, आणि रिलेनं फक्त त्या स्टार्टरची बटणं दाबायची.

बटणं दाबायची, हा शब्दशः अर्थ. डीओएल, म्हणजे मोटार थेट लाइनवर उठवणाऱ्या, स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की काँटॅक्टर ओढतो आणि स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. लाल दाबलं की धरलेलं सुटतं. लाइट गेली की आपोआप सुटतं आणि परत आल्यावर सुटलेलंच राहतं. आपल्याला हवं ते उत्तर स्टार्टर बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच देऊन ठेवलंय, आपण फक्त ते बिघडवायचं नाही.

म्हणून रिले १ चे कॉमन आणि एनओ हिरव्या बटणाला समांतर. रिले २ चे कॉमन आणि एनसी लाल बटणाच्या ओळीत. कन्सोलमध्ये ‘पल्सटाइम१ १०’ आणि ‘पल्सटाइम२ १०’. दहाचा अर्थ इथे दहा दशांश, म्हणजे एक सेकंद. आता मोबाइलवरचं पहिलं बटण एक सेकंद ‘चालू’ दाबतं, दुसरं एक सेकंद ‘बंद’. बोर्ड गचकला तरी स्टार्टरवरची बटणं पूर्वीसारखीच चालतात. काँटॅक्टरची कॉइल २३० ची आहे की ४१५ ची ते आधी वाचा. छोट्या रिलेचं रेटिंग २५० व्होल्टपर्यंतच असतं, ४१५ च्या कॉइलवर तो लावायचा नाही.

बोअरच्या सिंगल फेज सबमर्सिबलचे पॅनेल मात्र नीट बघा. काही पॅनेलांत हिरवं बटण मोटार उठेपर्यंत सुरुवातीचा कपॅसिटर जोडून धरतं, स्वतःला धरणारा काँटॅक्टर त्यात नसतोच. तुमच्याकडे बटण थोडं दाबून धरावं लागत असेल तर पॅनेल उघडून वायरमनला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टाकी भरली की थांबायचं काम मोबाइलवर किंवा बोर्डावर सोपवू नका. टाकीतला फ्लोट स्विच काँटॅक्टरच्या कॉइलच्या ओळीत थेट तारेनं जोडा. त्याच्या वर हवं तर टास्मोटात नियम लिहा की रिले १ दाबल्यावर १८०० सेकंदांनी रिले २ दाबला जावा. पण बोर्ड मधेच रीसेट झाला तर तो अर्धा तास विसरतो. फ्लोट विसरत नाही.

मग चाचणी. मोटार चालू असताना मेन एमसीबी पाडा आणि परत चढवा: मोटार बंद राहायला हवी. मोटार चालू ठेवून राउटर काढा: लाल बटणानं बंद व्हायला हवी. नोडएमसीयूचं रीसेट बटण दाबा: काँटॅक्टरनं आवाजही करता कामा नये. फ्लोट हातानं उचला: मोटार थांबायला हवी. यातलं एक जरी फसलं तर डब्याचं झाकण लावायचं नाही.

जागा

बोर्ड लोखंडी पॅनेलच्या आत ठेवलात तर वायफाय मरतं. शेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. जुन्या घरांच्या जाड भिंतींमागेही हीच तऱ्हा, टास्मोटाच्या माहिती पानावर सिग्नल किती टक्के येतो ते पक्कं बसवण्याआधी बघून घ्या. डब्याला वायरीची भोकं खालून पाडा, म्हणजे जून ते सप्टेंबर पाणी वायरीवरून ओघळून आत येणार नाही. आणि २०१९ किंवा २०२१ ला ज्यांच्या घरात पुराचं पाणी आलं होतं, त्यांनी भिंतीवरची ती खूण शोधावी आणि डबा तिच्या वर बसवावा.

टास्मोटाच्या पानाला पासवर्ड लावा. राउटरमधून बाहेरच्या जगाला दार उघडून देणं, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, ते करू नका. या पानाची वाहतूक उघड्यावरच चालते. गावाबाहेरून चालवायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन बसवा.

शेतावरच्या मोटारीसाठी

हा प्रश्न हमखास येतो: नदीकाठच्या मोटारीला हे चालेल का? वायफाय तिथवर पोचतच नाही, त्यामुळे हा बोर्ड तिथे उपयोगाचा नाही. तिथे सिम कार्डवर चालणारा मोबाइल स्टार्टर घ्यावा, ज्यात तिन्ही फेज तपासणं आणि कोरडी मोटार ओळखणं असतं. लाइट आली की मोटार आपोआप उठवणारा ऑटो-स्विच मात्र त्याला जोडू नका. रात्रीच्या पाळीत लाइट आली की एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि पंचगंगेचं पाणी वाढताना मोटार काढायला उतरलेला माणूस त्याच वेळी पाइपाला हात लावून उभा असू शकतो.